दोर धरणारे हात

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात माझे बालपण गेले. रविवारी सकाळी जवळच्या चर्चची घंटा वाजे आणि आई हाक मारी, “ऊठ रं बाबा, घंटा झाली.” ती घंटा आमच्या धर्माची नव्हती, पण आमच्या घराचे रविवारचे घड्याळ तीच होती. एकट्या घंटेचे काम बोलावण्याचे. अनेक घंटा मिळून काय साधतात, हे मात्र भाषाविज्ञानाच्या संशोधनासाठी पुण्यात राहिलो तेव्हा उमगले.

पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय आहे. टिळक-रानडे यांच्या १८९० मधील चहापानावरून जे ग्रामण्य गाजले, ते याच मिशनच्या आवारातले. देवालयाशेजारी स्वतंत्र उंच मनोरा असून त्यात आठ घंटा आहेत. खालच्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत लावलेल्या. अशा घंटासमूहांच्या वादनाची परंपरा मूळची इंग्लंडमधील. तेथे घंटांवर एखादी चाल वाजवत नाहीत, तर त्यांचा क्रम सतत बदलत नेतात. आठ घंटांचे ४०,३२० क्रम होतात. १९६३ साली लफबरो येथे आठ जणांनी ते सारे सुमारे १८ तासांत पूर्ण केले. प्रत्येकाच्या हाती एकच दोर; सातही सोबत्यांवाचून त्याला अर्थ नाही.

मी तेव्हा बोलींचा अभ्यास करीत होतो. ध्वनिमुद्रक घेऊन एका वयोवृद्ध घंटावादकाकडे गेलो. ते हसून म्हणाले, “अहो, नाद काय टिपता? वाजवून बघा.” त्यांनी पडवीत नातवंडांना ओळीने बसवले आणि क्रमाने टाळी वाजवायला सांगितले. माझा क्रमांक तिसरा. माझी टाळी दर वेळी आधीच पडे. “तुम्ही स्वतःचीच टाळी ऐकताय,” ते म्हणाले, “आधीच्याची ऐका, मग तुमची आपोआप बसेल.” त्यांचे जोडीदार नोकरीनिमित्त पांगले होते. घंटा जागच्या जागी होत्या. पण एकमेकांना ऐकण्याची सवय झालेले हात तेवढे विखुरले होते.

त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. महाविद्यालयात गेल्यापासून मी घरी प्रमाण मराठी बोलू लागलो होतो. आई तिच्या बोलीत विचारी, मी पुस्तकी भाषेत उत्तर देई. त्यामागे लाज होती, हे आज कबूल करतो. हळूहळू तीही माझ्याशी जपून, अडखळत, ‘शुद्ध’ बोलू लागली. बोलींवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलाच्या घरात एक बोली अशी मुकी झाली.

पुढे मी आग्रहाने तिचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. आई आता नाही. त्या फितींमध्ये तिचा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो. तिच्या बोलीत तिला दिलेले माझे उत्तर मात्र त्यांत कोठेही नाही.