टीव्हीला लागतो का रे?

हातात धरून खेळायच्या यंत्राचं नवीन मॉडेल आलं की पब्लिकचा पहिला प्रश्न हाच. आणि टीव्हीला लागतो म्हटल्यावर तो टीव्हीभर दिसणार हे आपण गृहीतच धरतो!

सोनीचा पहिला पीएसपी २००४ साली जपानमध्ये आला, तेव्हा टीव्हीला जोडायची सोयच नव्हती. २००७ च्या पीएसपी-२००० मध्ये ती आली. वजनही २८० ग्रॅमवरून १८९ वर उतरलं. दादाचा हा जुना पीएसपी मी हॉस्टेलवर आणला, तेव्हा अर्धी विंग टीव्हीसमोर जमली. मेनू टीव्हीभर दिसला. टाळ्या! मग गेम लावला, तर मधोमध छोटं चित्र आणि चहूबाजूंनी काळी चौकट. "वायर खराब आहे," असं निदान मेकॅनिकलवाल्यांनी लगेच केलं.

वायर ठणठणीत होती. गेम बनवलेला असतो यंत्राच्या स्क्रीनसाठी, म्हणजे ४८० गुणिले २७२, एकूण १,३०,५६० ठिपके. टीव्हीकडे जाणारी फ्रेम मात्र ७२० गुणिले ४८०, म्हणजे ३,४५,६००. ठिपक्यास ठिपका लावला की जेमतेम ३८ टक्के जागा भरते. दीडपट ताणलं तर रुंदी बरोबर ७२० होते, पण एका ठिपक्याच्या वाट्याला दीड ठिपका कसा देणार? काही जाड, काही बारीक, नाहीतर सगळंच पुसट. म्हणून मी काळ्या चौकटीच्या बाजूने आहे. (टीव्हीचं झूम बटण दाबणाऱ्यांशी माझं भांडण नाही. खेळा बापडे.)

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. पीएसपी-२००० चा गेम पिवळ्या पिनेतून टीव्हीवर जातच नव्हता, त्याला कंपोनंट केबल लागायची. त्या काळी आपल्याकडच्या बहुतेक घरांत पिवळ्या पिनेचा डबा टीव्ही! ती सोय २००८ च्या पीएसपी-३००० मध्ये झाली.

निन्टेंडोच्या स्विचचंही तेच. २०२१ मध्ये नवीन मॉडेल फोर-के देणार अशी हवा झाली होती. आलं ते सात इंची ओएलईडी, हातात ७२०पी आणि टीव्हीवर १०८०पी, म्हणजे २०१७ च्या स्विचइतकंच. लोक चिडले. स्क्रीन सुंदर होती, पण आतला चित्र काढणारा तोच असेल तर टीव्हीवर जास्त ठिपके येणार कुठून? फोर-के आलं ते जून २०२५ मध्ये, स्विच २ बरोबर, आणि तेव्हा आतली चिपच नवीन होती.