दोन ते पाच, आजीच्या ताब्यात

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडको भागात दुपारी दोन ते पाच या वेळात घरावर राज्य असतं ते आजीचं. सून बँकेत नाहीतर शाळेत, मुलगा वाळूजला किंवा चिकलठाण्याला एमआयडीसीत पाळीवर, नातवंडं शाळेच्या रिक्षातून नुकतीच उतरलेली. आजी बहुधा गावाकडची. कुणी गेवराईची, कुणी अंबडची, कुणी कन्नडची. नातू झाला म्हणून चार महिन्यांसाठी आली आणि नातू चौथीत गेला तरी इथंच आहे. तिच्या पलंगाखाली पत्र्याची ट्रंक असते. तीत जुनी धडुती, रिळं, क्रोशाच्या सुया, अर्धवट विणलेलं एखादं तोरण, आणि तळाशी कुणालाच हात लावू न दिलेलं एक लुगडं.

ट्रंक उघडली की पहिलं फर्मान सुटतं, ‘‘बबड्या, सुई ओवून दे.’’

घरातलं सगळ्यात छोटं पण खऱ्या अर्थानं गरजेचं असं हे काम. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं दिसेनासं होतं. दहा वर्षांच्या पोराला डोळ्यांपासून सात-आठ सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. साठीतल्या बाईला चष्म्याशिवाय तीच वस्तू हातभर लांब धरूनही धड दिसत नाही. तेव्हा नेढं सापडायला नातू लागतोच. तो दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करतो, चिमटीत पिळतो, एक डोळा मिटतो आणि दोरा पार करतो. मग आजी त्याला लगेच दुसरी सुई देते, तिसरी देते, आणि ओवलेल्या सुया उशीला टोचून ठेवते. तो खेळायला पळाला तर संध्याकाळपर्यंतची बेगमी हवी ना!

या शहराला धाग्यादोऱ्याचं अप्रूप नवं नाही. सुती ताणा आणि रेशमी बाणा असलेलं हिमरू इथलं. पन्नासेक किलोमीटरवर पैठण; पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. वेरूळ-अजिंठा पाहायला आलेल्या पाहुण्याला हिमरूची शाल आणि पैठणीचा पदर आवर्जून दाखवतात. त्याच पाहुण्याच्या अंगावर रात्री जी गोधडी घालतात, तिच्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. दरबारी कापडाला इतिहास असतो आणि घरातल्या पांघरुणाला फक्त धुणं, असा आपला हिशेब दिसतो. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्राच्या गोधड्यांवर सुंदर इंग्रजी ग्रंथ केला. तो फ्रान्समधल्या प्रकाशनानं काढला, यावर काय बोलावं!

गोधडीत शिकण्यासारखं काय आहे, ते ती शिवताना पाहावं. नऊवारी लुगडं आठ मीटरच्या थोडं वर भरतं. दोन-दोन मीटरचे चार तुकडे करायचे, दोन तुकडे जोडले की खालची बाजू, उरलेले दोन जोडले की वरची. मध्ये धोतर, विजार, फाटक्या चादरी, जे असेल ते. हॉलमधला टीपॉय भिंतीला लावून ही चळत फरशीवर पसरली, की कोपऱ्यांवर वरवंटा, इस्त्री, गणिताचं जाडजूड गाईड असलं वजन ठेवायचं आणि कडेनं मोठे टाके घालून थर बांधून घ्यायचे. मग धावदोरा. काहीजणी सरळ ओळी घालतात, काहीजणी कडेनं फेऱ्या मारत मध्याकडे जातात. दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. अंतर वाढलं तर पहिल्या धुण्यातच आतल्या चिंध्यांचे गोळे होतात. फारच कमी ठेवलं तर गोधडी फळीसारखी ताठ होते. ऊब नुसत्या कापडाची नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेचीही असते, म्हणून टाका घट्ट ओढायचा नाही. हे आजी भौतिकशास्त्र म्हणून सांगत नाही. ती म्हणते, ‘‘दोरा ताणू नको, गोधडीला श्वास घेऊ दे.’’ आणि नातीनं चार टाके घातले, त्यातले तीन वाकडे आले, तरी उसवत नाही. ते तसेच राहतात. पुढं कॉलेजला गेलेली नात ते बोटानं शोधून दाखवते.

उन्हाळ्यात ट्रंक बंद होते आणि गच्ची उघडते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घातलेले, रोज पाणी बदललेलं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं. मग जितका चीक तितकं पाणी उकळायला ठेवून हाटायला घ्यायचं, आणि इथं घरातलं सगळं मनुष्यबळ लागतं: एकजण पातेलं धरणार, एकजण ओतणार, एकजण गुठळी होऊ न देता ढवळणार. सोऱ्यातून कुरडई पडायच्या आधीच पोरांच्या वाट्या पुढं आलेल्या असतात. गरम चिकावर कुणाला दूध-साखर हवी, कुणाला तेल-मीठ. पापडाच्या दिवशी तेलात बुडवलेल्या लाट्या. मजुरी रोख मिळते म्हणून काम जोमात होतं. दुपारभर काठी घेऊन कावळे हाकलायचं खातंही पोरांकडेच असतं.

भरतकाम आणि स्वयंपाक यांची खरी सोयरीक मात्र वळवटात दिसते. दुधात घट्ट मळलेल्या रव्याच्या पिठातून चिमटीनं वळलेले गव्हले, नखाच्या दाबानं होणारे नखुले, बोटवे, मालत्या. एकेक गव्हला गव्हाच्या दाण्याएवढा. पूर्वी हे रुखवतात मांडत आणि पाहुण्या बायका नवरीचा हात किती बारीक चालतो ते त्यावरून जोखत. आज लहान पोरांची बोटं या कामाला मोठ्यांपेक्षा सरस ठरतात. गप्पा मारता मारता ताटलीभर गव्हले होतात, ते सुकवून डब्यात जातात आणि सणाला त्यांची खीर होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आजीच्या ज्या कामांना आपण आज कौतुकानं छंद म्हणतो, त्यातली निम्मी तिच्या तरुणपणी सक्तीची होती. ‘शिवण-टिपण येतं का?’ हा प्रश्न मुलगी पाहायच्या कार्यक्रमातला होता. साखळी टाका, गाठीचा टाका, उलटी टीप हे सगळं ती हौसेनं नाही, परीक्षेसाठी शिकली. सत्तरीत तिच्या हातात क्रोशा येतो तो आता कुणाच्या पसंतीसाठी नसतो, म्हणून तर ती हव्या त्या रंगाची लोकर घेते. औरंगपुऱ्यात, गुलमंडीवर गुलाबी लोकरीशेजारी पोपटी लोकर निवडणारी आजी पाहिली की सून कपाळाला हात लावते. लावू दे.

आणि दुसरी गोष्ट आजीच्या विरोधातली. नातू सुई ओवतो, पण टाका घालायला बसला की तीच म्हणते, ‘‘तू कशाला, जा खेळायला, ताईला बोलव.’’ चूल आणि सुई पोरींच्या वाट्याची, हा जुना हिशेब तिनंच नकळत पुढं चालवलेला असतो. तो मोडायचा तर आजीशी थोडं भांडावं लागेल.

नातवानं हात घातला की काय होतं, याचं उदाहरण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. सारोळा कासार गावच्या सुमन धामणे २०२० मध्ये ‘आपली आजी’ या यूट्यूब वाहिनीमुळं घराघरांत पोचल्या. सुरुवात झाली ती नातवानं केलेल्या पावभाजीच्या फर्माइशीतून. कॅमेरा नातवाचा, हात आजीचा. शाळेत न गेलेल्या या बाई कॅमेऱ्यासमोर बोलायला शिकल्या, कारल्याच्या भाजीसारखी रोजची गोष्ट लाखो लोकांनी पाहिली. कमलाबाई ओगले यांनी १९७० मध्ये ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकात वाटी-चमच्याची मापं देऊन नव्या संसारांची जी सोय केली, तीच सोय इथं आजी-नातवाच्या जोडीनं केली. ठाणे जिल्ह्यात फांगणे गावी तर ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या आज्यांचा घरचा अभ्यास तिथं नातवंडांनी घेतला.

आजी-नातवंडांच्या या देवघेवीला मानववंशशास्त्रातही आधार आहे. टांझानियातल्या हाडझा लोकांत अमेरिकन संशोधक क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की आई तान्ह्या बाळात गुंतली की थोरल्या मुलाचं अंग भरणं आजी किती कंद खणते यावर ठरतं. माणसात बाई पाळी गेल्यावरही इतकी वर्षं का जगते, याचं एक उत्तर त्यांनी त्यात शोधलं. त्याच अभ्यासांतला दुसरा तपशील कमी सांगितला जातो: हाडझा पोरं लहानपणापासून स्वतःही खणतात, फळं वेचतात. आजीच्या कामाकडं नुसतं पाहत बसणारं पोर तिथं नाही.

आपल्याकडं ते आहे. आजी हौसेनं धपाटे थापते, येसराची आमटी करते, नातू मोबाइल बघत जेवतो, आणि दहा वर्षांनी ‘आजीच्या हातची चव’ म्हणून हळहळतो. येसरासाठी ज्वारी, हरभऱ्याची डाळ किती भाजायची, हे त्याला कुणी भाजायला लावलंच नाही. सुट्टीत पैसे भरून त्याला ‘फायरलेस कुकिंग’च्या शिबिराला धाडायचं आणि घरातल्या कढईपासून लांब ठेवायचं, हा उफराटा कारभार आहे.

अडचणी खऱ्या आहेत. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायची रीत आहे आणि या शहरात कित्येक वसाहतींना नळाचं पाणी आठवड्यातून जेमतेम एकदा येतं. शहराला पाणी देणारं जायकवाडीचं धरण १९७६ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं, पण शहराच्या बादलीला अजून भरवसा नाही. मग गोधड्या गाडीत घालून नातेवाइकांच्या शेतातल्या विहिरीवर नेतात. पोरांची सहल होते, मोठ्यांची कंबर मोडते. दुसरी अडचण कापडाची. सुती लुगडी संपत आली. सिंथेटिक साडीवर सुई घसरते, थर सरकतात, घाम शोषला जात नाही.

तेव्हा एवढं करा. कपाट आवराल तेव्हा सुती साड्या, जुनी धोतरं, मऊ पडलेल्या चादरी भांडीवालीला देऊ नका, आजीच्या ट्रंकेत टाका. सिंथेटिक साडी द्यायचीच तर एकच द्या, ती वरच्या बाजूला चालते. रंग टिकतो आणि लवकर वाळते. आणि पुढच्या वेळी हॉलमध्ये गोधडी पसरली, की नातीबरोबर नातवालाही दोन ओळी वाटून द्या. ओळी वाकड्या आल्या तर उसवू नका.