राजी: एकट्यानं न खेळायचा गेम

"वीकेंडला काय खेळू रे?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतोच. आमच्या टीममध्ये गेम खेळणारे सहा-सात जण आहेत. त्यातले चार फक्त गोळ्या झाडतात, त्यांना माझ्याकडून काही नको असतं. उरलेले गोष्टवाले. म्हणजे किती शत्रू मारले यापेक्षा "मग पुढं काय झालं?" याची ज्यांना जास्त काळजी असते ते. मी त्यांच्यातला. या मंडळींना मी गेली काही वर्षं एकच नाव सांगतोय: 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. आणि सोबत एक अट घालतो: एकट्यानं खेळायचा नाही.

"अरे पण तो सिंगल प्लेअर आहे ना?" असं कोणीतरी म्हणतंच. हो बाबा, माहितीये. म्हणूनच तर अट घालावी लागते :)

आधी गेमबद्दल. राजी हा पुण्यात बनलेला गेम. नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा छोटासा स्टुडिओ. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे तिघं संस्थापक. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. ठरवलेली रक्कम जमली नाही, आणि तिथला नियम असा की आकडा पूर्ण झाला नाही तर हाती एक पैसाही येत नाही. मधेच बंद पडलेलं प्रोजेक्ट ज्यांनी आतून पाहिलंय त्यांना त्या दिवसाची कल्पना येईल. पण हे लोक थांबले नाहीत. १८ ऑगस्ट २०२० ला गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर. त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या इंडी गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. बक्षीस 'फॅस्मोफोबिया'नं नेलं, असो. मग मे २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यात हिंदी आवाज आले. हे हिंदी आवाज लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

गोष्ट साधी आहे. राजी ही खेळ करून पोट भरणारी, उड्या-कसरतीत तरबेज अशी अनाथ पोरगी. तिचा धाकटा भाऊ गोलू बाहुल्या नाचवतो. असुर हल्ला करतात, पोरं पळवून नेतात, त्यात गोलूही जातो. दुर्गा राजीला त्रिशूळ देते, पुढे विष्णूकडून धनुष्य मिळतं, आणि ही एवढीशी पोरगी महाबलासुराच्या मागे निघते. वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे बघत, आपसात बोलत, आपल्याला गोष्ट सांगत राहतात. किल्ले राजस्थानी धाटणीचे, भिंतींवर देवादिकांची चित्रं, आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात.

आता यात नवीन काय? तर 'कोणाला सोडवायला कोण निघालंय' हे.

गेममधली सर्वात जुनी गोष्ट म्हणजे राजकन्या कोंडलेली आणि एक गडी तिला सोडवायला निघालेला. १९८९ चा पहिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्या. हातात साठ मिनिटं, तळघरात तुम्ही, वर राजकन्या. गंमत म्हणजे त्या राजकुमाराचं धावणं आणि उड्या मारणं हे जॉर्डन मेक्नरनं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पळायला लावून त्याच्या व्हिडिओवरून काढलं होतं. म्हणजे जगभरच्या लोकांनी ज्याला तळघरातून पळवलं तो कोणाचा तरी लहान भाऊ होता!

आम्हा अमरावतीच्या लोकांना राजकन्या पळवण्याची गोष्ट काही नवीन नाही. कौंडिण्यपूरची रुक्मिणी आमच्या अंबादेवीच्या देवळातूनच कृष्णाबरोबर गेली, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण त्या गोष्टीतली राजकन्या वाट बघत बसलेली नाही. पत्र तिनंच पाठवलं होतं. गेमवाल्यांना हे कळायला बराच वेळ लागला म्हणायचा. राजीत तर राजकुमारच नाही. भाऊ हरवलाय आणि ताई निघालीय. बस्स.

धाकट्या भावांना हे समजावून सांगायची गरज नाही. माझी ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. आई-बाबा दोघंही नोकरीला, म्हणून ती हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांबाला जायची तेव्हा मलाही सोबत न्यायची. बाहेरच्यांसाठी सांगतो: हे मंडळ १९१४ सालचं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या पथकानं तिकडे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. अमरावतीत हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. ताई दोरीच्या मल्लखांबावर चढायची आणि मी खाली दप्तर सांभाळत बसायचो. दहावीपर्यंत हे चाललं. मग अकरावी-बारावीचे क्लास, मग डी.एड., मग लग्न होऊन अकोल्याला. तिला कोणी 'सोड' म्हटलं नाही. 'चालू ठेव' असंही कोणी म्हटलं नाही.

२०२२ ची राखी ११ ऑगस्टला, गुरुवारी होती. शुक्रवारची सुट्टी टाकली की पंधरा ऑगस्टपर्यंत सलग पाच दिवस. अमरावतीहून अकोल्याला गेलो. तो रस्ता पूर्वी कसा होता ते विचारूच नका. त्याच वर्षी जूनमध्ये तिथं एका पदराचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तासांत उरकून गिनीज विक्रम झाला होता. डेडलाइन पाळणारी माणसं या देशात आहेत यावर माझा तेव्हा विश्वास बसला :)

बॅगेत लॅपटॉप आणि कंट्रोलर होताच. संध्याकाळी टीव्हीला जोडला. ताई कणीक मळता मळता म्हणाली, "काऊन रे, इथं येऊनही तेच का?" पण टीव्हीवर दुर्गा हिंदीत बोलायला लागली तशी ती दारात येऊन उभी राहिली. इंग्रजी असतं तर आली नसती, हे नक्की. सात वर्षांची भाची तर केव्हाच मांडीवर येऊन बसली होती.

भाचीला हिंदी अर्धंमुर्धं कळत होतं. त्यामुळे भिंतीवरचं एखादं चित्र आलं की ताई तिला वऱ्हाडीत सांगायची. "हे पाह्य, हा महिषासुर. याले वर भेटला होता, म्हणून एवढा माजून रायला." मी पुढं जायला लागलो की, "थांब ना, तिले सांगू दे." आम्ही अक्षरशः प्रत्येक भिंतीपाशी थांबलो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर लोक चित्रकथी करतात, एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगतात. चामड्याच्या छायाबाहुल्याही नाचवतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री त्यासाठीच मिळाली. तो प्रकार काय असतो हे मला लेखात वाचून कळलं नव्हतं, ते त्या दिवशी अकोल्यात ताईनं कणकेच्या हातानं टीव्हीकडे बोट दाखवलं तेव्हा कळलं. चित्र स्वतः बोलत नाही, सांगणारं कोणीतरी लागतं.

आणि मग राजीनं खांब धरला. या गेममध्ये ती खांबाभोवती गरकन फिरून शत्रूंना उडवते. मला ती नुसती एक मूव्ह वाटायची. ताई म्हणाली, "अढी नाही मारली तिनं. अशी फिरली तर हात सुटन." मग पुढची दहा मिनिटं अढी म्हणजे काय, वजन कुठं घ्यायचं, दोरीवर आणि खांबावर फरक काय हे सगळं. भाची तिच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आई, तुले येते हे?"

"येत होतं," ताई म्हणाली. आणि मला म्हणाली, "चाल, पुढं घे."

मी पुढं घेतलं. काय बोलणार?

पुढं गोल चकत्या फिरवून चित्र जुळवायची कोडी येतात. जुळलं की राजीला गोलूबरोबरच्या आठवणी दिसतात. ती सगळी भाचीनं सोडवली, माझ्यापेक्षा लवकर. भाऊजींनी दोन लढाया केल्या आणि दोन्हीत मेले. शेवटाकडे ताईनं विचारलं, "अन् हा गोलू? गेमभर धरूनच ठेवला त्याले? त्याले काही काम नाही?"

"नाही. ताई येईपर्यंत वाट पाहतो."

"बरोबर आहे. लहान भावाले तेवढंच काम असते."

सगळे हसले, मी पण.

आता प्रामाणिकपणे दोषही सांगतो, नाहीतर म्हणाल पुण्याचा गेम म्हणून कौतुक करतोय. कॅमेरा आपल्या हातात नाही, त्यामुळे काही उड्यांचा अंदाज चुकतो आणि राजी उगाच दरीत जाते. नंतरनंतरच्या लढाया एकसारख्या वाटतात. गेम पाच-सहा तासांत संपतो, आणि संपतो म्हणजे काय, ऐन रंगात पडदा पडतो. भाची तर रडकुंडीला आली होती. २०२५ मध्ये पुढच्या भागाची, 'राजी: कलियुग'ची, घोषणा झाली तेव्हा मी ताईला लगेच कळवलं. तिचा उलट प्रश्न: "गोलू मोठा झाला का?"

मोठ्या स्टुडिओंचे, शंभर शंभर तासांचे गेम मी खेळलोय. त्यांच्यातली चित्रं यापेक्षा भारी, लढाया यापेक्षा सफाईदार. पण त्यातला एकही बघून घरातलं माणूस "हे मला येत होतं" असं म्हणालं नाही. आपल्या मातीतली गोष्ट हवी, असं आपण म्हणतो ते देव-असुर पाहिजेत म्हणून नव्हे. ती बघताना शेजारच्याला काहीतरी आठवतं, आणि ते आपण इतकी वर्षं विचारलेलं नसतं, म्हणून.

तर मंडळी, या वीकेंडला घ्याच. सुधारित आवृत्ती घ्या, आवाज हिंदी ठेवा, टीव्हीला जोडा. खोलीचं दार उघडं ठेवा, कोणी ना कोणी डोकावतंच. उड्या तुम्ही मारा, कोडी पोरांना द्या. भिंतीवर चित्र आलं की थांबा, घाई करू नका. आणि शेजारून कोणी "हे असं नसते" म्हणालं, तर गेम पॉज करून "मग कसं असते?" एवढं नक्की विचारा. सहा तासांचा गेम आम्हाला तीन दिवस पुरला, तो असा.