चालू डाव पुरा, नवा नाही

व्हिडिओ गेम मुलांना घडवतात की बिघडवतात, हा प्रश्न आम्हांला दीर्घकाळ निकालात निघालेला वाटत असे. साहित्य शिकवणाऱ्याने पुस्तकाची बाजू घ्यावी, एवढेच. गेल्या दिवाळीत मात्र आमच्या या निकालाला घरातच तडा गेला.

अकरा वर्षांच्या भाच्याच्या हातून आम्ही भर खेळात मोबाइल काढून घेतला. तो रडला नाही. एवढेच म्हणाला, "मामा, मी मध्येच गेलो तर बाकीचे तिघे हरतील ना." हे तिघे आमच्या गणतीतच नव्हते. आमच्या लेखी तो पडद्यासमोर एकटा होता.

मग आठवले, भूगोलाच्या पुस्तकात रहस्यकथा लपवून वाचल्याबद्दल आम्हीही मार खाल्ला होता. अभ्यास बुडतो, मुलगा एकलकोंडा होतो, हेच आरोप तेव्हा पुस्तकावर होते.

तरीही कादंबरी आणि खेळ एकच, असे म्हणून आम्हांला सुटता येत नाही. कादंबरीला शेवटचे पान असते. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'लाही होते : आठ जगे पार केली, राजकन्या सुटली, गोष्ट संपली. आजचे कित्येक मोफत खेळ संपण्यासाठी रचलेलेच नसतात. रोजच्या हजेरीला बक्षीस. आत काय आहे हे न सांगता विकलेल्या पेट्या. अशा विकतच्या पेट्या बेल्जियममध्ये २०१८ साली जुगारात गणल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. पण त्याची खूण तास मोजून ठरत नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्या जगण्याहून खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, या त्याच्या खुणा.

म्हणजे ज्या खेळाला शेवट नाही, त्याला तो कुणीतरी द्यावा लागतो. आम्ही तो दिला खरा, पण हिसकावून. कुणी शेवटच्या प्रकरणात पुस्तक ओढून घ्यावे तसा.

आता भाचा आला की नियम एकच : चालू डाव पुरा, नवा नाही. तो रोज पाळला जातो असे नाही. पण डाव संपेपर्यंत आम्ही शेजारी बसतो, आणि त्या तिघांची नावे आता आम्हांला ठाऊक आहेत.