कडेकडेनं
मामाचा फोटो स्टुडिओ सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होता, एस.टी. स्टँडसमोरच्या ओळीत. ऐंशीच्या दशकात तिथं लग्नाचे, शाळेचे, पासपोर्टचे फोटो निघत. पण पंचक्रोशीत मामाचं नाव होतं ते दोन फोटो जोडून एक करून देण्यासाठी. कुणाची आई गेलेली असायची आणि तिचा फोटो म्हणजे कुठल्याशा बारशाच्या घोळक्यातला अर्धा चेहरा. वडलांचा वेगळा, टोपीतला. मुलांना दोघं शेजारी शेजारी हवे असायचे, भिंतीवर टांगून हार घालण्याजोगे.

मामा एन्लार्जर वरखाली करून दोन्ही डोकी एका मापाची करायचा आणि ब्रोमाइड कागदावर प्रिंटा काढायचा. मग अर्धं ब्लेड घेऊन बसायचा. ब्लेडचा हात जागचा हलायचा नाही, दुसऱ्या हातातला कागद फिरायचा. कानाच्या पाळीपाशी तो श्वास रोखायचा, हनुवटीखाली सोडायचा. कापून झालं की फोटो पालथा घालून मागच्या बाजूनं कडा पॉलिश पेपरनं घासायच्या, पार पातळ होईपर्यंत. जाड कडेची सावली पडते आणि कॅमेऱ्याला ती लगेच दिसते. मग चिकटवायचं, सांध्यावर बारीक ब्रशानं राखाडी रंग लावायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. माझ्याकडे मैद्याची खळ शिजवायचं काम असे. किडे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, आणि हात धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही अशी मामीची तंबी.

खरी पंचाईत उजेडाची. आईवर उजेड डावीकडून, वडलांवर उजवीकडून. मग मामा निगेटिव्ह उलटी घालायचा. उजेड जुळायचा, पण आईची नथ उजव्या नाकपुडीत जायची आणि पदर उजव्या खांद्यावर. नथ ब्रशानं पुसून दुसरीकडे काढता येते. पदराचं काय करणार? तिथं तो फोटो गळ्यापाशीच संपवायचा. मामा म्हणायचा, "पोरी, गिऱ्हाइकाला उजेड कळत नाही, पदर कळतो." एवढं बोलून तो परत ब्लेडकडे वळायचा. मामा शिकवणाऱ्यांतला नव्हता.

ए.टी.डी.ला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला गेल्यावर कोलाज भेटलं. मासिकांची गुळगुळीत पानं फाडून, रंग जुळवून निसर्गचित्र करायचं, असा तो प्रकार. मला त्यात काही राम वाटला नाही, अजूनही वाटत नाही. कागदाचे तुकडे रंगाऐवजी वापरायचे असतील तर रंगानं काय घोडं मारलंय? मग ग्रंथालयात हाना ह्योख ही जर्मन बाई सापडली. बर्लिनमध्ये ती एका प्रकाशनसंस्थेत नोकरी करायची. बायकांच्या मासिकांसाठी भरतकामाचे, लेसचे नमुने आखायची. 1919-20 च्या सुमारास तिनं वर्तमानपत्रांतली, मासिकांतली चित्रं कापून एक मोठा फोटोमोंताज केला. पुढारी, नर्तकी, यंत्रांची चाकं, गर्दी. कुणाचं डोकं कुणाच्या धडावर. शीर्षकातच स्वयंपाकघरातली सुरी आहे. ज्या कडा मामा घासघासून लपवायचा, त्या ही बाई उघड्या ठेवत होती. तिचं बघून मला मामाचं काम नव्यानं कळलं. कापणं दोघांचंही तितकंच चोख. आंधळेपणानं कापलेली कड ना लपवता येते, ना दाखवता.

मग नोकरी लागली. शाळेत चित्रकलेच्या तासाला एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांची तयारी: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. पालकांना रस दहावीच्या वाढीव गुणांत. संगणक कक्ष आला तेव्हा त्याची किल्ली बरीच वर्षं माझ्या हाती लागली नाही. संगणक कलेसाठी असतो हे पटवायला वेळ गेला. फोटोशॉप परवडणारं नव्हतं, म्हणून फुकट मिळणारं गिंप घातलं. धापा टाकणाऱ्या यंत्रांवरही ते चालतं.

पहिल्या तासाला मी मुलांना लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले सुटे थर, समजावते. फोटोशॉप बाजारात आलं 1990 साली, पण त्यात लेअर आले 1994 मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. तोवर तुकडा उचलून दुसरीकडे ठेवला आणि सोडला की तो खालच्या चित्रात मुरून जाई. पुन्हा सुटा करायची सोय नाही. थोडक्यात, संगणकातही चार वर्षं खळच होती. मुलांना यात नवल वाटत नाही, मला मात्र दरवर्षी वाटतं. त्याहून आवडतो तो मास्क. काळा रंग फासला की भाग झाकला जातो, पांढरा फासला की परत येतो. काहीच फुकट जात नाही. मामाला हे दाखवायला हवं होतं.

पण मुलं माझ्या पुढे असतात. आठवी-नववीतली काही पोरं फोनवर पिक्सेललॅब ॲपमध्ये वाढदिवसाचे बॅनर बनवतात आणि 'पीएलपी फाईल', म्हणजे पुन्हा बदलता येणारा बॅनर, एकमेकांना देतात. 'भाऊंचा' फोटो मधे, मागे सिंह किंवा वीज, खाली शुभेच्छुकांची रांग. या बॅनरना नाकं मुरडणारे शिक्षकखोलीत बरेच आहेत, मी त्यांत नाही. कुणाचं डोकं केवढं, हे तिथं अंतरावर ठरत नाही, मानावर ठरतं. नेता सर्वांत मोठा, भाऊ त्याखालोखाल, शुभेच्छुक बोराएवढे. जुन्या भित्तिचित्रांतला राजाही असाच भोवतालच्या माणसांहून थोराड असतो. मुलांना मी नाथद्वाऱ्याचे मनोरथ दाखवते. श्रीनाथजीच्या दर्शनाला आलेलं कुटुंब मूर्तीपुढे हात जोडून उभं आहे. कपडे, दागिने, देव सगळं चितारलेलं, आणि चेहरे मात्र फोटोतून कापून चिकटवलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथले चितारी हे करत आले. बॅनरवाला एक पोरगा ते बघून म्हणाला, "मॅडम, बॉडी रेडी ठेवायचे आणि फेस टाकायचे. आमच्यासारखंच." अगदी बरोबर. मी त्याला एवढंच विचारलं की त्यांच्या चेहऱ्यांवर आणि धडांवर उजेड एकाच बाजूनं आहे का बघ. तो स्क्रीनला नाक लावून बराच वेळ बसला.

माझं भांडण आहे ते एका टिचकीशी. फोनवर बोट टेकवलं की माणूस मागच्या भिंतीपासून आपोआप सुटा होतो. सफाई मामापेक्षा बरी, पण त्या चेहऱ्याभोवती कुणी फिरलेलंच नसतं. म्हणून माझ्या वर्गात पहिलं सत्र लॅसो या अवजारानं, हातानं. माउस धरून कानामागून मानेवर, मानेवरून खांद्यावर जायचं. मुलं कुरकुरतात. मग कुणीतरी ओरडतं, "मॅडम, आजीचा एक कान खाली आहे!" रोज एका ताटात जेवून हे दिसलेलं नसतं. मग मी फोटो आडवा पलटायला लावते आणि काय काय बिघडलं ते शोधायला सांगते. दुकानाची पाटी लगेच सापडते, शर्टाची बटणं थोड्या वेळानं, भांग त्याहून उशिरा. पदर मुलींना पहिल्या झटक्यात दिसतो. व्हॉट्सॲपवरच्या खोट्या फोटोंबद्दल मी वेगळं व्याख्यान देत नाही. पदर शोधणारं पोरगं त्यातलंही शोधतं.

दुसऱ्या सत्रात विवान सुंदरम यांची 'री-टेक ऑफ अमृता' ही चित्रमालिका. आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे जुने फोटो घेऊन त्यांनी 2001 पासून संगणकावर ती रचली. अमृता म्हणजे चित्रकार अमृता शेरगिल, त्यांची मावशी. वेगवेगळ्या वर्षांतली, वेगवेगळ्या घरांतली माणसं एका खोलीत आली. मामाच्या दुकानातलं गिऱ्हाईक जे मागायचं तेच हे. फक्त इथं बघणाऱ्याला कळतं की असं कधी घडलं नव्हतं, आणि तरी नजर हलत नाही. नंतर डेव्हिड हॉकनी या चित्रकाराचं 'पेअरब्लॉसम हायवे'. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला एक रस्ता, एप्रिल 1986 मध्ये काढलेल्या सातशेहून जास्त फोटोंचा. प्रत्येक पाटीजवळ, प्रत्येक डब्याजवळ जाऊन काढलेला. यावरून आम्ही आठवडी बाजार करतो. एकच फोटो काढायचा नाही. तराजूजवळ जायचं, मिरच्यांजवळ जायचं, तोलणाऱ्या हातांजवळ जायचं, आणि सगळे तुकडे नंतर एका पानावर मांडायचे.

यंदा एका मुलीनं तिच्या बाजारातल्या प्रत्येक माणसाभोवती पांढरी जाड कड ठेवली, बॅनरवर असते तशी. वार्षिक प्रदर्शनात पाहुण्यांनी विचारलं, "ही पांढरी रेघ काढायची राहिली का?" ती म्हणाली, "नाही, घातलीय. नाहीतर बटाटेवाली मागच्या गर्दीत हरवते." पाहुणे पुढच्या चित्राकडे सरकले. मला त्या कडेची जाडी थोडी खटकत होती, पण बटाटेवाली खरंच हरवत नव्हती.

आता राहिलेत केस. सगळ्यांत अवघड तेच. मामाच्या काळात माणसं तेल चोपडून, भांग पाडून फोटोला बसायची. डोक्याची कड सरळ मिळायची. आताच्या पोरांचे केस वाऱ्यावर असतात आणि प्रत्येक बट मागचं आभाळ थोडं थोडं बरोबर घेऊन येते. लॅसो तिथं थकतो. रंगांच्या चॅनलमधून, जिथं केस आणि आभाळ यांच्यातला फरक सर्वांत जास्त, तिथून मास्क काढावा लागतो. पुढचे दोन तास त्यालाच ठेवलेत. घरून मोकळ्या केसांच्या माणसाचा फोटो आणा, म्हणून सांगितलंय. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, आजोबांचा चालेल का? त्यांना टक्कल आहे." चालेल म्हटलं, पण मग दोन्ही कान हातानं.