धिरा

'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्याने केली, त्याने छपराचं काम मेहुण्यावर सोपवलं असणार. भिंती होईपर्यंत माणसाला निदान झोप लागते. छप्पर चढू लागलं, की तीही जाते.

आमचं गाव मूल तालुक्यात, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात. 1982 साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा जंगलाची वाटणी झाली. ऊन मात्र दोघा भावांनी सामाईक ठेवलं. मे महिन्यात पारा 46 च्या पुढे गेला, की स्लॅबखाली निजणं आणि तव्यावर निजणं यांत फरक उरत नाही. म्हणून आम्ही कवेलूंचं दुपाखी छप्पर ठरवलं. लोकांना वाटतं, आम्ही सागवानात लोळतो. आलापल्लीच्या सागवानाचं नाव मोठं आहे खरं. पण 2023 साली ते बल्लारपूरहून वाजतगाजत अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं. सागवान रामाकडे गेलं, वानरसेना आमच्या कवेलूंवर राहिली.

छपराच्या पाच कैच्या. कैची म्हणजे दोन तिरपी लाकडं आणि खाली एक आडवं. त्रिकोणाचा आकार मोडत नाही, चौकोन मात्र कलतो, हे मी 30 वर्षं फळ्यावर शिकवलं. आमच्या मिस्त्रींनी ते हातोडीने शिकवलं. कैची आपल्या रेषेत पहिलवान असते, पण बाजूने वारा आला की एका पायावर उभा केलेला विद्यार्थी! पाचही कैच्या नुसत्या सरळ पट्ट्यांनी जोडल्या, तर पाचही हातात हात घालून एकाच दिशेला कलंडतात. हे दृश्य मी स्टाफरूममध्ये पाहिलेलं आहे.

म्हणून मिस्त्रींनी पहिली कैची दोन्ही बाजूंनी तिरप्या बल्ल्या देऊन जमिनीतल्या खुंट्यांना जखडली. दुसरी तिला बांधली, तिसरी दुसरीला. मग पाख्यांच्या उतारावर कोनाकोनांतून तिरप्या पट्ट्या ठोकल्या. प्रत्येक चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती ओल्या होत्या, त्यांनाही टेकू लागले.

आमचे थोरले मामा हिशेबखात्यातून निवृत्त. त्यांनी एस्टिमेट उघडलं.

"ही तिरपी लाकडं यात कुठंयत?"

"ते धिरे आहेत, मामाजी. कवेलू चढले का काढून टाकू."

"काढायचेच, तर लावता कशाला?"

"लग्नात मांडव कायले टाकता? मंग काढाच लागते ना!"

मामांनी एस्टिमेट मिटलं, पण मन मिटलं नाही. निदान दारातला धिरा तरी काढावा, असं ते दिवसातून तीनदा म्हणत.

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं आणि वळिवाचं वादळ आलं. मिस्त्रींचा भाचा वर आढ्याजवळ होता. उतरायला वेळच मिळाला नाही. त्याने लाकडाला मिठी मारली. समोरच्यांच्या गोठ्याचा पत्रा उडून चिंचेत अडकला. आमच्या कैच्या करकरल्या, बल्ल्या ताणल्या गेल्या, आणि खाली उभ्या असलेल्या आम्हां सगळ्यांचे डोळे त्या एका पोरावर. दहा मिनिटं कोणी बोललं नाही. वारा पडला तेव्हा पोरगं वर होतं, कैच्या जागच्या जागी होत्या, आणि मामा दारातल्या धिऱ्याला दोन्ही हातांनी कवटाळून त्याला धीर देत होते.

पुढे कवेलू दोन्ही पाख्यांवर सारखे चढवले. एकाच बाजूला भार नको म्हणून. उतारावरच्या तिरप्या पट्ट्या मिस्त्रींनी कायमच्या ठेवल्या. बाकीचे धिरे निघाले. दोन चुलीत गेले, एकावर वालाचा वेल चढला. वास्तुशांतीला मिस्त्रींना धोतरजोडी मिळाली, भटजींना दक्षिणा, उंबरठ्याला हळदकुंकू. धिऱ्यांचं नाव कोणी काढलं नाही. आपल्या शिक्षणासाठी शिलाई मशीन चालवणाऱ्या थोरल्या बहिणीचं नाव तरी पदवीवर कुठं असतं?

मामा मात्र आल्यागेल्याला सांगतात, "तो धिरा मीच धरला होता." आम्ही मान डोलावतो. छपराचा काही आक्षेप नाही.