विचारलं नाही म्हणून

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवता शिकवता तोंडात 'हम' इतकं बसलं आहे, की मराठीत लिहितानाही 'आम्ही'च येतं. त्यात मोठेपणा नाही. आम्ही म्हणजे एक साधे शिक्षक. वय छत्तीस, शिक्षण बी.एस्सी., बी.एड. विज्ञान शिकवतो. मिरजेपासून एसटीने तासाभराच्या अंतरावर आमचं गाव आहे.

अम्मीचं डायलिसिस सुरू झालं आणि घरात गाडीचा विषय निघाला. आठवड्यातून दोनदा मिरजेला जायचं. जाताना एसटीत बसून जाता येई, पण परत येताना तिच्या अंगात बसायचंही त्राण उरत नसे. रिक्षावाल्याला सांगावं तर महिन्याचा हिशेब पगाराला पेलत नव्हता. नवीन गाडी घ्यायची म्हणजे बँकेचं कर्ज. अब्बांनी एका वाक्यात विषय मिटवला. म्हणाले, "सूदच्या गाडीत बसवून तिला दवाखान्यात नेणार काय?"

मग राहिली जुनी गाडी, रोख पैशाची. घरातली भिशी उचलली, थोडं मेहुण्याकडून हातउसनं घेतलं आणि आमची मोटारसायकल शाळेतल्या शिपाईमामांना विकली. त्यांच्या मुलाला कॉलेजला जायला हवी होती. सगळं मिळून अडीच लाखांच्या आत बसवायचं ठरलं.

आमच्या ओळखीत एक गृहस्थ जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतात. आपल्याच जमातीतले, जुम्म्याला पहिल्या सफेत असणारे. त्यांनी एक पांढरी छोटी गाडी दाखवली. 2016 सालची, सांगलीचीच, एमएच-10. रंग असा की आरशात तोंड पाहावं. सीटवर नवीन कव्हर, स्टेअरिंगवर नवीन कातडी कव्हर, आत अत्तरासारखा वास. मोबाइलवर नंबर टाकून पाहिला. मालक दुसरा, विमा चालू, बोजा नाही. गृहस्थ म्हणाले, "सर, आपल्या माणसाला मी वाईट माल देईन का?" या वाक्यानंतर गाडीखाली वाकून बघणं आम्हाला बेअदबी वाटू लागली. आम्ही विसार द्यायला खिशात हात घातला होता.

तेवढ्यात बेगम म्हणाली, "चाचांना एकदा दाखवूया की." चाचा म्हणजे तिचे चुलते. मिरजेत पंढरपूर रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. आता ते मुलगा बघतो. चाचा खुर्चीवर बसून आवाज ऐकतात. आम्ही गृहस्थांची परवानगी काढली, ती त्यांनी जरा उशिराने दिली.

चाचांनी बॉनेट उघडलं नाही. इंजिन सुरू करू दिलं नाही. आधी पुढच्या टायरवर तळहात फिरवला. एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. आम्हालाही फिरवायला लावला. एका बाजूने हात सरळ गेला, दुसऱ्या बाजूने करवतीच्या दात्यांसारखं बोटांना लागलं. "याला म्हणतात अलाइनमेंट गेलेली," चाचा म्हणाले. "चाकं सरळ चालत नाहीत, थोडी तिरकी घासत चालतात. रबर आधी खरं बोलतं, मालक नंतर." टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजलेली होती. तेही त्यांनी वाकून दाखवलं. उभं राहून पाहिलं तर आतली कड दिसतच नाही.

मग त्यांनी आम्हाला चालकाच्या जागी बसवलं. चाकं सरळ, इंजिन चालू. स्टेअरिंग दोन बोटांनी डावी-उजवीकडे अगदी हलकं हलवायचं. चाचा खाली चाकाकडे बघत होते. स्टेअरिंग फिरतं पण चाक हलत नाही, ते जे मधलं रिकामं अंतर असतं त्याला मिस्त्री लोक 'प्ले' म्हणतात. स्टेअरिंगच्या कडेवर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत असेल तर चालतं. त्याहून जास्त असेल आणि सोबत टक-टक असा आवाज येत असेल, तर टायरॉड एंड, बॉल जॉइंट किंवा रॅक यांपैकी काहीतरी झिजलं आहे असं समजायचं. कोणतं, ते खाली हात लावून कळतं. एकाने वर हलवायचं, दुसऱ्याने खाली जोडावर हात ठेवायचा. झिजलेला जोड हाताला धक्का देतो. या गाडीत प्ले फारसा नव्हता. आम्हाला बरं वाटलं.

"आता बंद कर. चावी फक्त 'ऑन'पर्यंत फिरव. इंजिन चालू करू नको," चाचा म्हणाले. डॅशबोर्डवर दिवे लागले. ऑइलचा, बॅटरीचा, इंजिनचा. "ष्टेरिंगचा लागला का?" नव्हता लागला. आम्ही विज्ञानाचे शिक्षक, आम्हाला वाटलं दिवा लागला नाही म्हणजे दोष नाही. चाचा हसले. या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग होतं. अशा गाडीत चावी फिरवली की स्टेअरिंगचा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर दोष आहे. पण मुळात लागलाच नाही तर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलं आहे. दोष दुरुस्त करायला हजारो रुपये लागतात, दिवा बंद करायला फारसं काही लागत नाही.

मग रस्त्यावर. चाचांचा मुलगा चालवत होता, आम्ही शेजारी, चाचा मागे. त्याने सपाट, रिकामा रस्ता निवडला आणि हात स्टेअरिंगच्या जरा वर धरले. गाडी डावीकडे सरकली. आम्ही लगेच म्हणालो, "ओढते!" चाचा म्हणाले, "थांबा मास्तर. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, तर गाडी थोडी डावीकडे जाणारच. तो रस्त्याचा दोष. झटकन ओढली तर गाडीचा." आणि गाडी ओढते म्हणून लगेच मोठा आजार समजू नये. आधी हवा बघावी, एका चाकात कमी असेल. मग पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून बघावीत. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. चाक गरम होत असेल तर ब्रेक चिकटला असेल. हे सगळं तपासूनही ओढत असेल आणि अलाइनमेंट करूनही जमत नसेल, तर मात्र गाडीचा सांगाडा कुठेतरी मार खाल्लेला असतो.

ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग थरथरलं तर बहुधा बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. ब्रेक मारल्यावरच थरथरलं तर डिस्क. पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट असा आवाज आला तर तो स्टेअरिंगचा नाही, ॲक्सलच्या जॉइंटचा. ज्या गाडीत ऑइलचं पॉवर स्टेअरिंग असतं तिथे पूर्ण वळवल्यावर कण्हल्यासारखा आवाज आला तर ऑइल कमी आहे किंवा पंप थकला आहे. ऑइल काळं, जळक्या वासाचं असेल तर समजून घ्यावं. हे सगळं चाचा चालत्या गाडीत सांगत होते आणि आम्ही मुलांसारखे वहीत उतरवून घेत होतो.

वळणावरून बाहेर पडताना मुलाने स्टेअरिंग सैल सोडलं. चांगल्या गाडीचं स्टेअरिंग आपण होऊन मधे परत येतं. हे अर्ध्यावर येऊन अडकलं. शिवाय फिरवताना ते एका ठिकाणी जड, पुढे हलकं, परत जड असं लागत होतं. चाचा मागून म्हणाले, "बाजूला घे."

त्यांनी आमच्या पायाजवळचा गालिचा उचलला आणि मोबाइलचा उजेड आत, पॅडलच्या वर धरला. स्टेअरिंगचा दांडा जिथे खाली उतरतो तिथला जॉइंट तांबूस गंजलेला होता. सीटच्या रुळांवरही तोच गंज. गालिच्याखालच्या फोमवर बोट दाबलं, बोटाला बारीक पिवळी माती लागली. अत्तराखालचा वास आता कळला. तो आमच्या ओळखीचा होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा उतरली तेव्हा सांगलीत गाळ काढायला आम्ही शाळेतल्या मुलांसोबत गेलो होतो. घराघरांत हाच वास होता.

गाडी पुरात उभी होती. पाणी सीटपर्यंत आलं होतं. जॉइंट गंजून आखडले होते आणि स्टेअरिंगची मोटर कधी साथ सोडेल याचा भरवसा नव्हता. मोबाइलवर मालक दिसतो, विमा दिसतो. पाणी दिसत नाही.

गाडी परत नेली. आम्ही गृहस्थांना म्हणालो, "पुरातली आहे हे सांगितलं नाही तुम्ही." ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

एसटीत बसून घरी येताना हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. दरवर्षी परिपाठात आम्ही मुलांना एक हदीस सांगतो. पैगंबर (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात, तो आत ओला लागतो. व्यापारी सांगतो, पाऊस लागला होता. पैगंबर (स.) त्याला विचारतात, मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसेल असं? मुलांना ही गोष्ट आवडते. आम्ही हात घालण्याचा अभिनयही करतो. त्या दिवशी आमचा हात खरोखर ओल्या ढिगात गेला होता. गृहस्थांवर राग काढायला आम्ही मोकळे होतो.

पण घर जवळ आलं तशी आमची मोटारसायकल आठवली.

दोन वर्षांपूर्वी ती एका खड्ड्यात जोरात आदळली होती. तेव्हापासून पुढच्या शॉकअपचा पाइप किंचित वाकला होता. हँडल डावीकडे ओढायचं. नवीन पाइपाला खर्च होता, म्हणून आम्ही तशीच चालवली. उजव्या हाताने जरासा दाब ठेवायची इतकी सवय झाली, की दोष आहे हेच विसरायला झालं. पूर्ण विसरलो होतो असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. विकायच्या आदल्या दिवशी आम्ही ती धुतली, पॉलिश केली. शिपाईमामांनी शाळेच्या मैदानात एक चक्कर मारली, गवतावर काही कळलं नाही. ते म्हणाले, "सरांची गाडी हाय, बघायचं काय?" आणि पैसे मोजून दिले. त्यांनी विचारलं नाही. आम्ही सांगितलं नाही.

तरीही लगेच गेलो नाही. चार दिवस गेले. शाळेत ते पाण्याचा तांब्या घेऊन यायचे, आम्ही वहीत मान घालायचो. पाचव्या दिवशी बेगमला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "गाडीच्या पैशातून जातील ते पैसे. जाऊ द्या."

संध्याकाळी शिपाईमामांच्या घरी गेलो. चहा झाला. मग म्हणालो, "मामा, गाडीचा शॉकअप वाकलेला होता. आम्हाला ठाऊक होतं. सांगायला हवं होतं. दुरुस्तीचा खर्च आम्ही देतो."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "केला की दुरुस्त, मागच्याच आठवड्यात. मिस्त्री म्हणला, आदळलीय. आम्ही म्हणलं, सरांकडं तर धड होती, म्हंजी ह्यानंच कुठंतरी पाडली. पोरगं शपथा घेत हुतं. खोटं बोलतोय म्हणून दोन थपडा दिल्या मी."

मुलगा दाराशी उभा होता. त्याच्याकडे पाहून आम्ही म्हणालो, "बेटा, तू खरं बोलत होतास. चूक आमची. माफ कर." वीस वर्षांच्या नोकरदार घरातलं ते पोरगं, त्याने शिक्षकाला असं बोलताना कधी पाहिलं नसावं. तो गडबडून आत गेला. मामा पैसे घेत नव्हते. आम्ही ते ताटलीखाली ठेवून निघालो.

गाडी आम्ही पुढच्या महिन्यात घेतली. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराची. डाव्या दाराला पोचा आहे, रंग उडालेला आहे. त्याने नमस्कार केल्या केल्या सांगितलं, "स्टेअरिंगला प्ले आहे, दोन्ही टायरॉड एंड बदलावे लागतील, म्हणून किंमत कमी लावलीय." चाचांनी तपासलं, तेवढंच निघालं. एंड बदलले, अलाइनमेंट करून घेतली. ते बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते. आरटीओत 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून गाडी नावावर केली. आता परतीच्या वाटेवर अम्मी मागच्या सीटवर आडवी होऊन येते.

यंदा परिपाठात धान्याच्या ढिगाची गोष्ट सांगितली, तेव्हा सोबत मोटारसायकलचीही सांगितली. नाव कुणाचं घेतलं नाही, आमचं तेवढं घेतलं. मुलं गप्प बसून ऐकत होती. शेवटी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, फिर उस भाई ने आपको माफ किया?"

"मालूम नहीं बेटा," आम्ही म्हणालो. "परवा रस्त्यात भेटला. गाडी सरळ चालत होती. त्याने सलाम केला आणि पुढे गेला."